खाटकाची चढण

१

दर रविवारी सकाळी सिंगापूरच्या टेक्का मार्केटमधून मटण आणायचं, हा आमच्या संसारातला पहिला नियम. दुसरा अजून ठरायचा होता. लग्नाला चार महिने झाले होते, पण त्यातले तीन मी पुण्यात इथे राहायचा पास यायची वाट बघण्यात घालवले. म्हणजे खरा संसार म्हणावा तो एकच महिन्याचा. सारंग एका बैठकीत पाऊण किलो मटण संपवू शकतो, ही गोष्ट मला लग्नाआधी कोणी सांगितली नव्हती. पत्रिकेत त्याचा रकाना नसतो.

लग्न त्याच्या बारा दिवसांच्या रजेत बसवलेलं होतं. मेंदी, हळद, लग्न, सत्यनारायण आणि त्याची परतीची फ्लाइट, सगळं एकाच श्वासात. सासूबाईंचा पाय नेमका त्याच आठवड्यात प्लास्टरमध्ये, त्यामुळे त्या नागपुरात आणि आम्ही पुण्यात. सूनमुख व्हिडिओ कॉलवर झालं. नेट अडकलं. सासूबाईंना माझं अर्धं नाक आणि मागचा फ्रीज दिसला, आणि त्या भरल्या गळ्यानं म्हणाल्या, "छान आहे हो." नाक की फ्रीज, ते विचारायचं राहून गेलं.

नवी नवरी बघायला लोक येतात. कोणी नारळ आणतं, कोणी नुसतंच टकामका बघतं, म्हाताऱ्या हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवतात. माझ्या बहिणीच्या वेळी मला त्याचा राग आला होता. टॅम्पिनीसच्या अकराव्या मजल्यावर आल्यावर कळलं, की कोणी बघायलाच आलं नाही तर आपण आलो आहोत हे आपल्यालाही नीटसं पटत नाही. सारंग आठला रॅफल्स प्लेसची ट्रेन पकडायचा. त्यानंतर मी, पंखा, आणि समोरच्या झाडावरची कोकिळा. ती दिवसभर ओरडायची. मी मुळीच नाही.

तेवढ्यात मधुमती काकूंनी मला गाठलं. काकू आमच्या टॅम्पिनीस मराठी कट्ट्याच्या सर्वेसर्वा. सहा जूनला शनिवार आला होता, आणि कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये 'एका वर्षाची गोष्ट : १६७४' असा कार्यक्रम ठरला होता. मुलं चित्रांचे फलक करणार, आणि एकानं दहा मिनिटांत ते अख्खं वर्ष सांगायचं.

"निवेदन तू कर," काकू म्हणाल्या.

"मी? काकू, मी फारशी बोलत नाही."

"म्हणूनच. आवाज अजून वापरलेला नाही तुझा. कोरा असेल."

मी म्हटलं, "ठीक आहे." मी नेहमी तेच म्हणते. पडद्यांचा रंग, पासवरचा फोटो, लग्नाची तारीख, सगळ्याला मी ठीक आहे म्हटलेलं आहे.

२

ते वर्ष मात्र मला आवडायला लागलं. फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले आणि सातही जण परत आले नाहीत. मग हंबीरराव सरनोबत झाले. जूनच्या सहा तारखेला रायगडावर राज्याभिषेक, आणि पुरते बारा दिवसही झाले नाहीत तोच खाली पाचाडला जिजाऊ गेल्या. सप्टेंबरात पुन्हा एक राज्याभिषेक, वेगळ्या विधीनं. एवढं सगळं एका वर्षात. माझ्या त्या वर्षात लग्न आणि एक फ्रीज.

आणि मग तो सापडला. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील आपली माणसं घेऊन गडावर राहिला होता. गडावरचा साधा शिधा त्यांना सोसेना. म्हणून त्यांच्यासाठी रोज मटणाची सोय केली. ते पुरवणारा खाटीक म्हातारा होता. एवढ्या वर्षांत त्यानं जेवढं विकलं नव्हतं तेवढं ह्या मूठभर लोकांनी थोड्या दिवसांत संपवलं. तेव्हा त्या म्हाताऱ्यानं ठरवलं, ही माणसं बघायचीच. आणि केवळ त्यांना डोळ्यांनी बघायला तो एवढा गड चढून वर आला.

बस्स, एवढंच. त्यानं काही मागितलं नाही. बघितलं आणि गेला. एका इंग्रजानं हे चार ओळींत लिहून ठेवलंय, म्हाताऱ्याचं नावही दिलेलं नाही. खरं की पदरचं, देव जाणे. मी कॉलेजात असताना एकदा रायगड पायऱ्यांनी चढले होते. दोन दिवस मला संडासात बसता येत नव्हतं. त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचा विचार करून मी एकटीच हसले.

रविवारी जेवताना मी ही गोष्ट सारंगला सांगितली. तो नळी चोखत होता.

"म्हणजे नुसतं बघायला?" तो म्हणाला.

"नुसतं बघायला. आणि तू असाच खात राहिलास ना, तर तुलाही बघायला येईल तो."

"येऊ दे की." सारंगनं हाडूक ताटलीत टाकलं आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाळी दिली, "काका, या वर! अकरावा मजला! लिफ्ट आहे!"

दोघंही ठसका लागेस्तोवर हसलो. एक महिन्याच्या संसारात एवढं हसू मावतं हेही पत्रिकेत नसतं.

३

सोमवारी दुपारी तीन वाजता मी घरच्याच रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून पहिली तालीम केली. सोफा म्हणजे प्रेक्षक. नेसरी सांगितली, सरनोबत सांगितले. खाटकापाशी आल्यावर आवाज आपोआप सैल झाला. चार ओळींचा मजकूर मी वाढवत गेले. तो पहाटे निघाला. हातात काठी होती. पहिल्या वळणावर त्याचा डावा गुडघा कुरकुरला, तेव्हा त्यानं गुडघ्यालाच दटावलं.

टक्.

आवाज बाहेरून आला. आमचं घर टोकाला आहे. दाराला लागून कॉरिडॉर, कॉरिडॉर संपतो तिथे जिना. जिना कोणी वापरत नाही. लिफ्ट बंद असली तरी लोक लिफ्टचीच वाट बघतात.

टक्. मग एक पाऊल. मग दुसरं. मग श्वास.

खूप खालून येत होतं. कोणीतरी काहीतरी वर नेत असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि पुढे राज्याभिषेक सांगितला. तुतारीपर्यंत आले तेव्हा बाहेर सगळं शांत होतं.

मंगळवारी तीन वाजता पुन्हा. ह्या वेळी थोडं वरून. बुधवारी आणखी वरून. मी तर्कानं चालणारी बाई आहे. टोलेजंग इमारतीत आवाज कुठून कुठे जातो सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर गोटी पडते आणि खालच्याला वाटतं घरातच पडली. शिवाय डॉक्टर लोक म्हाताऱ्यांना जिने चढायला सांगतात. एखादे आजोबा रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत असतील.

गुरुवारी मी तर्काची परीक्षा घ्यायचं ठरवलं आणि तीच चूक झाली. "त्यानं काठी वरच्या पायरीवर टेकली," असं म्हणून मी मुद्दाम थांबले.

टक्.

आणि पुढे काही नाही. पाऊल नाही. पंखा फिरत होता. कोकिळासुद्धा गप्प. मी मनात तीस मोजले. जिन्यावर कोणीतरी एक पाय उचलून उभं आहे अशी ती शांतता होती.

"...आणि," मी कसंबसं म्हणाले, "पाय उचलून वर ठेवला."

पाऊल वाजलं.

४

मी सारंगला सांगितलं नाही असं नाही. सांगितलं.

"ऋता, तुझा आवाज जिन्यात घुमत असेल," तो म्हणाला. "तुझाच तुला परत ऐकू येतोय."

"माझ्या आवाजाला काठी आहे?"

त्यानं थोडा विचार केला. "येऊन काय करणार म्हणा तो? बघणारच ना?"

तेच तर. त्याच रविवारी टेक्का मार्केटमध्ये मी गाळ्यावरच्या माणसाकडे नीट बघितलं. तो तराजूला हात लावायच्या आधीच मांस हातात न घेता म्हणायचा, "साडेसातशे." काटा तिथेच थांबायचा. त्यानं सुट्टे देताना सहज माझ्याकडे बघितलं आणि मी अंग चोरलं. ज्याला नुसत्या नजरेनं कळतं त्यानं आपल्याकडे बघितलं तर काय निघेल? माझ्यासारखीचं किती भरणार? ठीक आहे, ठीक आहे, आणि मध्ये थोडी हाडं.

तरी मी तालीम सोडली नाही. एक तर कार्यक्रम जवळ आला होता. आणि खरं सांगायचं तर त्या वेळेची मी वाट बघायला लागले होते. भीती वाटायची, पण दिवसातून एकदा कोणीतरी आपलं बोलणं कान देऊन ऐकतंय, एकेका शब्दावर पाय टाकतंय, ही गोष्ट मला नवीन होती. त्याच दुपारी सारंग मॅच बघायला मित्राकडे गेला असताना मी म्हाताऱ्याला झाडाखाली बसवलं, तंबाखू मळायला दिली, वाटेत भेटलेल्या एका बाईशी भांडायला लावलं. तोपर्यंत तो सातव्या मजल्यावर आला होता. शिंकरल्याचासुद्धा आवाज आला.

उरले चार.

५

संध्याकाळी मी तालमीचं रेकॉर्डिंग काकूंना पाठवलं. अर्ध्या तासात त्यांचा व्हॉइस मेसेज आला.

"अगं ऋता, फार सुंदर! अंगावर काटा आला नेसरीला. फक्त एक कर, तो मटणवाला काढ. एक तर दहाची चौदा मिनिटं होतायत, आणि राज्याभिषेकाच्या तोंडावर कुठे मटण काढतेस? लोक काय म्हणतील, ही नवी मुलगी काहीतरीच सांगते. इंग्रज आले, नजराणे दिले, झालं. तिथून थेट सिंहासन. हं?"

मी 'ठीक आहे काकू' लिहिलं आणि पुढे हसरा चेहरा टाकला.

सोमवारी तीन वाजता मी तसंच सांगितलं. इंग्रज आले, नजराणे दिले, सिंहासन. साडेनऊ मिनिटं. कुठेही अडखळले नाही. जिन्यात काहीच वाजलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं.

मंगळवारी तसंच. कार्यक्रम घोटून पाठ झाला होता, आणि मला स्वतःलाच ऐकायचा कंटाळा आला होता.

बुधवारी दुपारी मी पाणी प्यायला थांबले आणि दार उघडंच होतं म्हणून ते ऐकू आलं. काठी नाही, पाऊल नाही. फक्त श्वास. कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन मी कठड्यावरून खाली वाकले. जिना मजल्यामजल्यानं वळत खाली गेला होता, दुपारच्या उन्हाचे पट्टे पायऱ्यांवर. माणूस दिसत नव्हता. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये कुठेतरी कोणीतरी छाती भरून घेत होतं आणि सोडत होतं, चढून दमलेला माणूस सोडतो तसं. एक मिनिट ऐकलं. पाच मिनिटं ऐकलं. तो दम काही खाली बसेना.

आणि मला एकदम कळलं. मी त्याला तिथेच सोडलं होतं. पायथ्यापासून इथवर मीच आणलं, एकेक पायरी तोंडानं सांगून, आणि मग अर्ध्या चढणीवर गोष्टच काढून घेतली. त्याला वर येता येत नव्हतं, खाली जाता येत नव्हतं. गुडघा दुखत असणार. तोही मीच दुखवला होता.

घरात येऊन मी दाराला कडी लावली. सोफ्यावर बसून काकूंना मेसेज लिहायला घेतला. 'काकू, मला वाटतं तो भाग...' पुसला. पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला. कारण काय देणार होते? तो जिन्यात अडकलाय?

६

गुरुवारी मी लग्नातला पितळी तांब्या काढला. पाणी भरलं, वर वाटीत गुळाचा खडा ठेवला. उन्हातून चढून आलेल्याला गूळपाणी द्यायचं, एवढं मला कळतं. त्याला हात असतील की नाही हा पुढचा प्रश्न.

चार मजले उतरले. सातव्याच्या वरच्या वळणावर कोणी नव्हतं. पायरीवर मात्र तांबड्या मातीचे गोल ठिपके होते, रुपयाएवढे, प्रत्येक पायरीवर एक. खालून इथपर्यंत आलेले. इथे संपलेले. पलीकडच्या ब्लॉकमागे खोदकाम चालू आहे, तिथलीही माती तांबडीच आहे, हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. माझ्या कानाशी कोणीतरी श्वास सोडला. गरम, तंबाखूचा. मी तांब्या ठेवला आणि अशी पळाले की नवव्या मजल्यावर माझी एक चप्पल राहिली.

शुक्रवारी सकाळी जाऊन बघितलं. तांब्या रिकामा, वाटी रिकामी. मुंग्यांनी गूळ नेला म्हणावा, पण मुंग्या तांब्याभर पाणी पीत नाहीत. मी पुन्हा भरून ठेवला आणि वर आले, तर शेजारच्या चिनी को आंटी त्यांच्या जाळीच्या दारात उभ्या. सत्तरीच्या, चौकोनी चष्मा, कायम फुलांचा ब्लाउज. महिनाभरात आमची ओळख माना हलवण्यापुरतीच.

"यू पुट वॉटर देअर, आह?" त्यांनी जिन्याकडे हनुवटी केली. "सेव्हन्थ मंथ नॉट येट, लाह."

त्यांच्याकडे सातव्या महिन्यात भुकेल्या पितरांसाठी असं काही काही ठेवतात, हे मला माहीत होतं. मी गडबडून सांगितलं, तसं काही नाही, एक म्हातारे गृहस्थ जिना चढतायत, दमलेत.

आंटींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग कान जिन्याकडे केला. बराच वेळ.

"ओल्ड मॅन," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "नी नो गुड." मग जराशा रागानं, "दॅट वन हाफ-वे ओन्ली. व्हाय यू स्टॉप हिम?"

नवव्या मजल्यावरची माझी चप्पल त्यांनी दाराआडून काढून माझ्या हातात दिली आणि जाळी लावून घेतली.

७

कम्युनिटी क्लबचा हॉल तिसऱ्या मजल्यावर होता. शनिवारी दुपारी चारला तो गच्च भरला. फेटे, नऊवाऱ्या, नथी, आणि मागच्या टेबलावर दोनशे बिर्याणीची पाकिटं. एका चिमुकल्या मावळ्याला दाढी टोचत होती म्हणून तो ती हातात धरून फिरत होता. "आय डोंट वॉन्ट बिअर्ड, लाह," असं त्याचं चाललं होतं आणि त्याची आई त्याला मराठीत रागावत होती. सारंग तिसऱ्या रांगेत बसून मला अंगठा दाखवत होता. पहिल्या रांगेत मधुमती काकू, हातात घड्याळ.

मी सुरू केलं. नेसरीला हॉल गप्प झाला. सरनोबत सांगितले. मग आलं ते वाक्य.

"मे महिन्यात इंग्रजांचा वकील गडावर आला. त्यानं नजराणे दिले."

पुढचं वाक्य सिंहासनाचं होतं. मला पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि हॉलच्या मागच्या बाजूला, जिथे जिन्याकडे उघडणारं जड दार आहे, त्या दारापलीकडून तो ऐकू आला. श्वास. घरापासून इथे तीन बसस्टॉप. तो तिथे कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो इथेही अर्ध्यावरच होता, एवढंच कळलं.

मी गप्प उभी राहिले. दहा सेकंद. पंधरा. लोकांना वाटलं मी विसरले. काकूंनी ओठांनी सांगितलं, सिं-हा-सन. सारंगचा अंगठा हळूहळू खाली गेला.

आता ठीक आहे म्हटलं, तर कार्यक्रम छान होईल. काकू शाबासकी देतील. बिर्याणी मिळेल. आणि तो म्हातारा कायमचा तिथेच, एक पाय वर, एक खाली.

"काकू," मी माईकवरून म्हणाले, "चार मिनिटं जास्त लागतील."

काकूंचे डोळे मोठे झाले.

"त्या गडाखाली एक म्हातारा खाटीक राहत होता," मी सांगितलं.

आणि मग मी थांबले नाही. पहाट सांगितली, काठी सांगितली, दटावलेला गुडघा सांगितला. हॉलमध्ये कोणीतरी फस्सकन हसलं. वाटेतल्या बाईचं भांडण आलं तेव्हा सगळ्या बायका हसल्या. झाडाखालची तंबाखू सांगितली. आणि पुढे, जिथे मी कधी गेलेच नव्हते, तिथून मी बोलता बोलता वाट काढत गेले. शेवटचे चार मजले. टक्. मला ऐकू येत होतं. पाऊल. दुसरं पाऊल. माझी जीभ आणि ती काठी एका लयीत होती.

"त्याला विचारलं, कशाला आलास? तो म्हणाला, काही नको बाबांनो. माझं अख्ख्या आयुष्याचं गिऱ्हाईक ज्यांनी महिन्याभरात केलं, ती तोंडं तरी बघू द्या!"

हॉल हसून कोसळला. मधुमती काकू! पदर तोंडाला लावून गदगदा हलत होत्या.

"आणि तो वर आला," मी म्हणाले.

मागचं दार उघडलं. फार नाही, वीतभर. आधी काठीचं टोक आत आलं, तांबड्या मातीचं. मग दाराच्या कडेवर चार बोटं. मग अंधारात चेहऱ्याचा एक भाग, एक डोळा. लोक पुढे बघून हसत होते, कोणाची पाठ वळली नाही. तो डोळा रांगांवरून फिरला, फेट्यांवरून, बिर्याणीच्या दोनशे पाकिटांवरून, तिथे जरा जास्तच रेंगाळला. सारंगवर थांबला. मग वर उचलला गेला आणि माझ्यावर आला.

मी अंग चोरलं नाही. चोरावंसं वाटलंच नाही. तो मला तोलत नव्हता. वरपासून खालपर्यंत, सावकाश बघत होता, नथीपासून पायातल्या जोडव्यांपर्यंत, जशी गावातली म्हातारी माणसं नव्या नवरीला बघतात, हनुवटी न धरता धरल्यासारखं. चेहरा उजेडाकडे फिरवावा असं मला वाटलं आणि मी तो फिरवला.

त्या डोळ्याभोवती सुरकुत्या पडल्या. दार मिटलं.

मग मी सिंहासन सांगितलं. तुताऱ्या वाजल्या. मावळ्यानं दाढी हवेत फेकली.

८

"चौदा मिनिटं झाली," काकू नंतर मला मिठी मारून म्हणाल्या. "पुढच्या वर्षी वीस घे. आणि कुठून सापडलं गं तुला ते गुडघ्याचं?"

"सांगत सांगत सापडलं," मी म्हटलं.

घरी आलो तेव्हा ऊन होतं अजून. आमच्या जाळीच्या दारासमोर, चटईवर, तांब्या ठेवलेला होता. सकाळच्या घाईत मी तो सातव्या मजल्यावरच विसरले होते. सारंग वाकला.

"हे काय?"

तांब्या रिकामा नव्हता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे ज्याला कळतं अशा कोणीतरी तो काठोकाठ भरला होता. करवंदं. काळीभोर, मधूनच एखादं लाल, देठांना अजून पांढरा चीक. बोटं चिकटली.

"टेक्कात मिळत असतील," सारंग म्हणाला. त्याचाही तर्क चांगला आहे. मग त्यानं एक तोंडात टाकलं. मग मूठभर घेतली.

"हळू खा," मी म्हटलं, "नाहीतर परत बघायला येईल."

आम्ही दारातच चटईवर बसून ती संपवली, जिभा जांभळ्या होईपर्यंत. रात्री मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल केला. नेट अडकलं नाही. त्यांनी मला पूर्ण बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, जीभ काय झालीय तुझी!"

रविवार शांत गेला. सोमवारी सारंग कामावर गेला. मी भांडी आवरत होते. तालीम नव्हती, मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. घड्याळात तीन वाजले.

टक्.

अगदी तळापासून. मी नळ बंद केला. टक्, पाऊल, दुसरं पाऊल. आणि त्याच्या मागे आणखी पावलं. बांगड्या. कोणाच्यातरी पैंजणांची घुंगरं, कोणी लहान धावतंय, कोणी त्याला हळू म्हणतंय. मध्येच त्याचा खोकला, आणि मग पुढे वाट दाखवणाऱ्या माणसाचा असतो तसा आवाज, शब्द कळत नव्हते, पण ऐट कळत होती. मी बघून आलोय, चला दाखवतो, अशी ऐट. ह्या वेळी रोज थोडं थोडं नव्हतं. ते सलग येत होते. एव्हाना तिसरा मजला झाला असेल.

मी केस नीट केले, कुंकू लावलं, गुळाची अख्खी ढेप काढून फोडली. तांब्या एकच, आणि पेले मोजून सहा. सहांनी काय होतंय?

मी को आंटींची बेल वाजवली. त्या जाळीआडून आल्या.

"आंटी, ग्लासेस हवे होते. पाहुणे येतायत."

"हाऊ मेनी?"

मी जिन्याकडे बघितलं. आंटींनीही कान तिकडे केला, डोळे मिटून, मागच्या वेळेसारखंच. बांगड्यांचा आवाज आता स्पष्ट होता. कोणीतरी दमून हसलं.

आंटींनी डोळे उघडले, आत गेल्या आणि कपाटातला सगळा ट्रे घेऊन आल्या.